गारी, जहाज आणि सुंदर पोपो

बनारसच्या गाण्याचा इतिहास सांगायला बसलं की माणसं कबीरचौऱ्यापासून सुरुवात करतात. कंठे महाराज, किशन महाराज, गुदई महाराज यांचा तबला. रसूलनबाई, सिद्धेश्वरी देवी, गिरिजा देवी यांची ठुमरी. बिस्मिल्ला खाँसाहेबांची सनई. शाळेत गाणं शिकवताना मीही मुलींना हेच सांगत आले आणि त्यातलं एकही नाव खाली उतरवायची माझी इच्छा नाही. पण या मांडणीत एक जागा रिकामी आहे, असं माझं आता ठाम मत झालं आहे. ती जागा ज्याची, तो बनारसला जन्मला नाही. तो जन्मला कॅरिबियन समुद्रातल्या त्रिनिदाद बेटावर, बराकपूर भागातल्या मंकी टाऊन नावाच्या वस्तीत, ४ नोव्हेंबर १९४३ रोजी. सुंदर पोपो बहोरा त्याचं नाव. आमच्या भागातल्या बायकांची लग्नातली गाणी त्याने गिटार आणि ऑर्केस्ट्रासोबत, निम्म्या भोजपुरी-हिंदीत आणि निम्म्या त्रिनिदादी इंग्रजीत रेकॉर्डवर आणली. तिथे त्या संगीताला चटणी म्हणतात आणि सुंदर पोपोला त्याचा आद्य राजा मानतात.

मी बनारसची मराठी. आमचं घर दुर्गाघाटाच्या गल्लीत. ब्रह्माघाट, दुर्गाघाट, पंचगंगा या पट्ट्यात पेशवाईपासून मराठी कुटुंबं नांदत आली. आमच्या घरांत अभंग होते, आरत्या होत्या, नाट्यगीतं होती. भोजपुरी होती ती दारात. दूधवाली काकी, भाजीवाला, नावाडी, यांच्याशी आम्ही भोजपुरीच बोलायचो, पण उंबऱ्याच्या आत ती भाषा फारशी शिरत नसे आणि तिची गाणी तर मुळीच नाही.

ती गाणी मला दूधवाल्या काकींनी दाखवली. त्या गाझीपूरच्या रस्त्याकडच्या गावातल्या. त्यांच्या मुलीच्या लग्नाला आई मला घेऊन गेली होती. लग्नाच्या आधीच्या दिवसांत तिकडे मटकोडचा विधी असतो. बायका टोपली आणि कुदळ घेऊन तळ्याकाठी जातात, ढोलकीला शेंदूर लावून तिची पूजा करतात, जमीन खणून पदरात माती घेतात. ती माती मांडवात येते. विधी एवढाच. पण जाता-येता जे चालतं ते खरं. पुरुषाला तिथे मज्जाव. सासुरवाशिणी, विधवा, आज्या, सगळ्या मिळून नाचतात आणि अशी गाणी म्हणतात की माझ्या आईने माझ्या कानांवर हात ठेवले होते. दिवसभर तोंडावर घुंघट ओढून वावरणारी काकींची थोरली जाऊ त्या रात्री सगळ्यांत पुढे नाचत होती.

दुसऱ्या दिवशी वरात जेवायला बसली आणि बायकांनी गारी सुरू केल्या. गारी म्हणजे व्याह्यांना गाण्यातून दिलेल्या शिव्या. नवरदेवाचा बाप कंजूष, त्याची बहीण पळपुटी, मामा पेटला की लोट्याने दारू पितो, असं नाव घेऊन घेऊन. आणि ज्याचं नाव येईल तो हसत हसत आणखी एक पुरी मागून घेतो. नाव आलं नाही तर रुसतो. आपल्याकडे विहिणी-विहिणींची उखाण्यांतली झुंज असते, तिच्याहून हे कितीतरी उघड. एक गोष्ट मात्र मला त्या वयातही कळली. चाल एकच होती. त्या एका चालीवर बायका हवे तेवढे शब्द, हवी तेवढी नावं बसवत होत्या. समोर कोण बसला आहे ते पाहून ओळ जागच्या जागी तयार होत होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे जमैका आणि पनामाबद्दल सांगायचं आहे तेव्हा ते कामी येईल.

ही गाणी समुद्रापार गेली ती उसाच्या मळ्यांमुळे. ब्रिटिश वसाहतींत १८३० च्या दशकात गुलामगिरी संपली आणि मळेवाल्यांना मजूर हवे झाले. ते त्यांनी हिंदुस्थानातून पाच वर्षांच्या करारावर नेले. १८३८ मध्ये पहिली जहाजं ब्रिटिश गयानाला लागली. ३० मे १८४५ ला ‘फतेल रझाक’ हे जहाज त्रिनिदादला पोहोचलं. कलकत्त्याहून निघून त्याला तीन महिन्यांहून अधिक काळ लागला होता. डच लोकांच्या सुरीनामला ‘लल्ला रूख’ हे जहाज १८७३ च्या जूनमध्ये पोहोचलं. १९१७ पर्यंत गयानाला २ लाख ३९ हजारांच्या आसपास, त्रिनिदादला १ लाख ४४ हजारांच्या आसपास आणि सुरीनामला सुमारे ३४ हजार माणसं गेली.

सुरुवातीच्या वर्षांत छोटा नागपूरच्या डोंगराळ भागातले आदिवासी पुष्कळ होते. पुढे भरतीचा रोख पश्चिमेकडे वळला आणि बनारस, गाझीपूर, आजमगढ, बलिया, जौनपूर, त्याच्या पलीकडे शाहाबाद आणि सारण, उत्तरेला गोरखपूर, बस्ती, फैजाबाद असे जिल्हे रिकामे व्हायला लागले. १८५७ नंतरची पांगापांग, दुष्काळ, जमिनीचा वाढता सारा, हातमागाची पडझड ही कारणं होतीच. रेल्वे हे आणखी एक कारण. १८६२ मध्ये आगगाडी गंगेच्या पलीकडच्या तीरापर्यंत आली आणि १८८७ मध्ये राजघाटचा डफरिन पूल उभा राहिला. कलकत्त्याचं बंदर जे पूर्वी बैलगाडीने आणि नावेने आठवड्यांच्या अंतरावर होतं ते आता एका-दोन दिवसांवर आलं.

या कामासाठी माणसं गोळा करणाऱ्या दलालाला अरकाटी म्हणत. तो उभा राही मेळ्यात, सराईत, स्टेशनवर आणि देवळांच्या रस्त्यावर. तीर्थक्षेत्रं त्याला विशेष सोयीची होती, कारण तिथे घरापासून तुटलेली माणसं आपण होऊन येत. सरकारचा नियम होता की शंभर पुरुषांमागे चाळीस बायका जहाजावर असल्याच पाहिजेत. बायका मिळत नसत. मग अरकाट्यांची नजर काशी, मथुरा, अयोध्या इथल्या विधवांवर आणि टाकलेल्या बायकांवर गेली. काशीवासाला आलेल्या बाईला ‘जवळच्याच बेटावर काम आहे, साखर चाळायची आहे’ असं सांगून गाडीत बसवणं सोपं होतं. काशीचं माहात्म्य सांगणाऱ्या पुस्तकांत हे कुणी लिहीत नाही, पण या शहराच्या इतिहासाचा हाही भाग आहे आणि तो सांगितला पाहिजे.

मुद्दा गाण्याचा आहे, म्हणून इथे थांबून सांगते. या बायकांसोबत काय गेलं? दागिने नव्हते, भांडी नव्हती. सोहर गेले, जन्माच्या वेळचे. मटकोडची गाणी गेली, गारी गेल्या, कजरी गेली. पुरुषांसोबत होळीचा चौताल आणि बिरहा गेला. कबीरचौऱ्याचे उस्ताद काही जहाजावर चढले नाहीत. जे संगीत या शहराने कधी आपलं म्हणून मिरवलं नाही, तेवढंच समुद्रापार टिकलं.

ही प्रथा बंद करण्याच्या लढ्यात आम्हा बनारसच्या मराठी माणसांना अभिमान वाटावा असा एक धागा आहे. १९०५ च्या डिसेंबरमध्ये काँग्रेसचं अधिवेशन बनारसला भरलं आणि अध्यक्ष होते गोपाळ कृष्ण गोखले. याच गोखल्यांनी ४ मार्च १९१२ रोजी केंद्रीय कायदेमंडळात करारबद्ध मजुरीची पद्धत बंद करा असा ठराव मांडला. सरकारी सभासदांच्या बहुमताने तो फेटाळला गेला. गोखले १९१५ च्या फेब्रुवारीत गेले. पुढच्या वर्षी, ४ फेब्रुवारी १९१६ ला मदनमोहन मालवीयांनी बनारस हिंदू विश्वविद्यालयाची पायाभरणी करवली आणि त्यानंतर दीड महिन्यातच, २० मार्चला, त्याच कायदेमंडळात गोखल्यांचा अपुरा ठराव पुन्हा मांडला. या वेळी व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी तत्त्वतः मान्यता दिली. १९१७ च्या मार्चमध्ये भरती थांबली. ज्या डफरिन पुलावरून इतकी माणसं कलकत्त्याकडे गेली, त्या पुलाला आज मालवीय पूल म्हणतात. हा योग कुणी जुळवून आणलेला नाही, पण मला तो फार योग्य वाटतो.

आता पलीकडे जाऊ.

काही वर्षांपूर्वी पंचगंगा घाटावर एक बाई भेटल्या. हेगला राहणाऱ्या, मूळच्या सुरीनामच्या. १९७५ मध्ये सुरीनाम स्वतंत्र झालं त्या सुमारास तिथली पुष्कळ हिंदुस्थानी कुटुंबं हॉलंडला गेली, त्यांपैकी एक. नावाड्याशी त्या जी भाषा बोलत होत्या ती ऐकून मी वळले. काकींची भोजपुरी, पण मध्येच डच शब्द आणि हेल थोडा वेगळा. त्यांच्याजवळ पणजीच्या परवान्याची छायाप्रत होती. कलकत्त्याच्या गोदीतल्या कचेरीने प्रत्येक मजुराला असा एक कागद दिला होता. नाव, बापाचं नाव, वय, जात, उंची, अंगावरची खूण, मग जिल्हा, ठाणं, गाव. सगळं इंग्रज कारकुनाने कानाला ऐकू आलं तसं लिहिलेलं. जिल्हा बनारस हे स्पष्ट वाचता येत होतं. ठाण्याचं नाव अर्धं पुसलेलं. गावाच्या नावात इतकी अक्षरं इकडची तिकडे झाली होती की आमच्या नावाड्याने त्याची तीन वेगवेगळी गावं काढून दाखवली. पणजीच्या रकान्यात अंगावरची खूण म्हणून डाव्या हातावर गोंदण असं लिहिलं होतं. बाईंनी आपली बाही वर करून मला स्वतःचं गोंदण दाखवलं. सुरीनाममध्ये आजीने करवून घेतलेलं.

मी त्यांना घरी आणलं, चहा केला. गाणं शिकवते म्हटल्यावर त्यांनी विचारलं, तुमच्याकडे डंडताल असेल ना? नव्हता. मी तो लहानपणी पाहिला होता, होळीच्या फागात. चार-साडेचार फुटांची सरळ लोखंडी कांब, एक टोक जमिनीवर टेकवून उभी धरायची. उजव्या हातात घोड्याच्या नालेसारखी वळवलेली लोखंडी पट्टी, तिने कांबेवर मारायचं. कसब सगळं डाव्या हातात. मूठ उघडी असताना आघात केला की लांब, स्वच्छ झंकार उठतो. मूठ मिटली की आवाज तुटतो. उघडझाप करत जलद लयीत मारत राहायचं, मग त्या एका कांबेतून दोन निरनिराळे नाद निघतात. मृदंगाची भाषा नाही, बोल नाहीत, पण ढोलकीला ते असं घट्ट धरून ठेवतं की गाणारा ताल चुकूच शकत नाही. आमच्या भागात हे वाद्य आता शोधावं लागतं. त्रिनिदाद, गयाना, सुरीनाममध्ये त्याला धनताल म्हणतात आणि हार्मोनियम, ढोलक, धनताल या त्रिकुटाशिवाय तिथे लग्न लागत नाही, पूजा होत नाही. सुरीनाममध्ये अशा बैठकीच्या गाण्याला बैठक गाना म्हणतात. रामदेव चैतू हा त्यातला मोठा गायक. १९६८ मध्ये तिथल्याच द्रौपती नावाच्या गायिकेची लग्नगीतांची रेकॉर्ड निघाली. भजन, लग्नाची गाणी, जुने छंद, हे सगळं त्या सुरीनामी रेकॉर्डांतून गयाना आणि त्रिनिदादच्या घराघरांत पोहोचलं.

त्या बाईंनी फोनवर आधी चैतू लावला, मग द्रौपती, मग सुंदर पोपो.

सुंदर पोपोच्या घरात गाणं होतंच. आई चांगली गायची, वडील तासा वाजवायचे. तासा तिथे लग्नात आणि मोहरमच्या होसे मिरवणुकीत वाजतो. मुलगा लहानपणापासून घरगुती कार्यक्रमांत गायचा, पोटासाठी रखवालदारी करायचा. १९६९ च्या सुमारास एका लग्नाच्या कार्यात मोईन मोहम्मद या रेडिओ निवेदकाने त्याचं गाणं ऐकलं. गाणं होतं ‘नाना अँड नानी’: आजोबा-आजी काय काय करतात त्याची गंमत, एक कडवं हिंदी-भोजपुरीत, पुढचं त्रिनिदादच्या इंग्रजीत. मोईनने त्याला स्टुडिओत नेलं. साथीला हॅरी महाबीर यांचा ऑर्केस्ट्रा. रेकॉर्ड निघाली आणि बेटावर गाजली.

त्या काळात त्रिनिदादच्या हिंदुस्थानी माणसासमोर दोन वाटा होत्या. घरी रफी-मुकेशची नक्कल करायची, कारण ते ‘शुद्ध’ हिंदी. आणि बाहेर कॅलिप्सो ऐकायचा, तो आफ्रिकी वंशाच्या शेजाऱ्यांचा. आजीच्या तोंडची मोडकी भोजपुरी या दोन्हींत कुठे बसत नव्हती. तिची लाज वाटायची. सुंदर पोपोने तीच उचलली. मोईन आणि त्याचे भाऊ शाम मोहम्मद यांनी १९७० मध्ये ‘मस्ताना बहार’ ही हिंदुस्थानी गाण्या-नाचाची स्पर्धा टीव्हीवर सुरू केली होती. त्यामुळे अशा गाण्यांना ऐकणाराही मिळाला. ‘फुलौरी बिना चटनी’ हे सुंदर पोपोचं दुसरं गाजलेलं गाणं. त्याची चाल ऐकली तेव्हा मला काकींचा मांडव दिसला. मात्र तालाच्या खाली गिटार चालत होती आणि शब्दांत अशी नावं होती जी आमच्या गावात कुणाची नसतात.

नेमकं काय नवीन केलं त्याने? एक म्हणजे बायकांच्या बंद वर्तुळातलं गाणं पुरुषाच्या तोंडून, भर सभेत, स्टेजवर आणलं. दुसरं, त्याने त्यात आजचा माणूस आणला. जुन्या चालीत आजूबाजूच्या माणसांच्या खोड्या, दारू, प्रेम, नवरा-बायकोची भांडणं. हे गारीचंच तत्त्व, फक्त व्याही बदलले. आणि तिसरं, ज्या इंग्रजीत त्याची मुलं बोलत होती ती त्याने नाकारली नाही. आजीची भाषा एका ओळीत आणि नातवाची पुढच्या ओळीत, हे ऐकायला सोपं वाटतं. पण त्याआधी कुणी ते इतक्या निःशंकपणे केलं नव्हतं.

पुढचं पाऊल एका बाईने टाकलं. द्रुपती रामगुनाई हिने १९८७ मध्ये ‘चटनी सोका’ नावाचं गाणं केलं आणि सोका म्हणजे कॅलिप्सोची नाचरी, वेगवान शाखा चटणीशी जोडली. तिच्यावर केवढा गहजब झाला! हिंदू घरातल्या बाईने कार्निव्हलच्या स्टेजवर नाचत गाणं म्हणजे संस्कृतीला काळिमा, असं वर्तमानपत्रांतून लिहिलं गेलं. मला त्या टीकेचं वाईट वाटतं, पण तिचं मूळ समजतं. आमच्या भागातही मटकोडला नाचणाऱ्या बाईला कुणी नावं ठेवत नाही, जोवर ती पुरुषांच्या नजरेआड आहे. द्रुपतीने आडपडदा काढला. १९९६ मध्ये चटणी सोकाच्या गायकांची राष्ट्रीय स्पर्धा सुरू झाली, पहिल्या वर्षी सॉनी मान जिंकला. आणि त्याच्या आदल्या वर्षी आणखी मोठी गोष्ट घडली. ब्लॅक स्टॅलिन या आफ्रिकी वंशाच्या थोर कॅलिप्सो गायकाने सुंदर पोपोच्या गौरवाचं गाणं गाऊन त्या साली कॅलिप्सोचा राजा हा किताब पटकावला. दोन समाज, जे मतपेटीवर एकमेकांशी झगडत आले, त्यांपैकी एकाच्या राजाने दुसऱ्याच्या गायकाला असा मान दिला. हा प्रसंग मी वर्गात सांगायचे तेव्हा मुली टाळ्या वाजवायच्या.

आता जमैका. तिथेही १८४५ पासून हिंदुस्थानी मजूर गेले, सुमारे ३६ हजार. पण बेटाच्या लोकसंख्येत ते मूठभर राहिले, विखुरले, आणि दोन पिढ्यांत भाषा गेली. त्रिनिदादला उलट झालं. १८६९ पासून परतीच्या प्रवासाऐवजी जमीन घेण्याची सोय मिळाली, माणसं गावं करून राहिली आणि लोकसंख्येचा मोठा हिस्सा झाली. गाव राहिलं म्हणून लग्न तसंच राहिलं, लग्न राहिलं म्हणून गाणं राहिलं. जमैकाच्या हिंदुस्थानी वंशजांनी तिथलंच संगीत आपलं केलं. डान्सहॉल या तिथल्या संगीतप्रकाराच्या मोठ्या गायकांतला सुपर कॅट, म्हणजे विल्यम मराघ, अशाच मिश्र वंशाचा. त्याच्या ‘वाइल्ड अपाचे’ या बिरुदावरून बर्मिंगहॅमच्या पंजाबी मुलाने, स्टीव्हन कपूरने, अपाचे इंडियन हे नाव घेतलं आणि १९९० च्या सुमारास पंजाबी आणि जमैकन बोलीत डान्सहॉल गायला.

डान्सहॉलची रीत अशी की तयार ताल-चालीची एकच पट्टी असते आणि तिच्यावर अनेक गायक आपापले शब्द बसवतात. कुणाची टिंगल, कुणाला आव्हान, कालची बातमी. गारीची रीत तुम्हाला आठवली असेल.

पनामात हेच संगीत स्पॅनिश झालं. तिथला कालवा खणायला, आधी १८८० च्या दशकात फ्रेंचांसाठी आणि मग १९०४ ते १९१४ अमेरिकनांसाठी, जमैका आणि बार्बाडोसहून हजारो काळे मजूर नेले होते. त्यांची नातवंडं-पतवंडं पनामा सिटीत आणि कोलोनला राहिली. घरात जमैकाचं इंग्रजी, शाळेत आणि रस्त्यावर स्पॅनिश. १९८० च्या दशकात रेनातो, नांदो बूम अशा तरुणांनी जमैकाच्या तयार तालांवर स्पॅनिश शब्द म्हणायला सुरुवात केली. रिओ अबाहो वस्तीतला एदगार्दो फ्रांको त्यांच्यातूनच पुढे आला. ‘एल हेनेराल’, म्हणजे सेनापती, या नावाने तो लष्करी गणवेश घालून गायचा. न्यूयॉर्कला जाऊन त्याने ‘तू पुम पुम’, ‘मुएवेलो’ ही गाणी केली आणि १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सबंध लॅटिन अमेरिका त्यावर नाचली. आज जगभर वाजणारं रेगेटॉन त्याच वाटेने पुढे पोर्तो रिकोत वाढलं.

सुंदर पोपो आणि एल हेनेराल यांना मी एकाच घराण्यातले मानते. दोघेही मजुरांचे वंशज. एकाच्या पूर्वजांनी ऊस तोडला, दुसऱ्याच्या पूर्वजांनी कालवा खणला. दोघांनाही घरातली एक आणि बाहेरची एक अशा दोन भाषा वारशाने मिळाल्या आणि दोघांनीही त्यांतली एकही टाकली नाही. दोघांचंही गाणं सभ्य लोकांनी आधी उथळ म्हणून बाजूला सारलं. उथळ म्हणणाऱ्यांशी मी सहमत नाही. शब्द हलके असतील, पण अशा गाण्यामागे दीडशे वर्षांची विस्थापनाची कहाणी असते आणि ती नाचत सांगितली म्हणून खोटी ठरत नाही.

हे गाणं परतही आलं. १९८० च्या दशकात मुंबईत कल्याणजी-आनंदजींचे धाकटे भाऊ बाबला आणि त्यांच्या पत्नी कांचन यांनी सुंदर पोपोची आणि इतरांची चटणी गाणी नव्याने ध्वनिमुद्रित केली. ती कॅरिबियनमध्ये प्रचंड खपली. २०१२ च्या ‘गँग्स ऑफ वासेपूर’ या चित्रपटासाठी इंदूरची आपली संगीतकार स्नेहा खानवलकर थेट त्रिनिदादला गेली, तिथल्या गायकांना घेऊन चटणीचं गाणं केलं आणि धनबादच्या कोळसाखाणींच्या कथेत ते चपखल बसवलं. मराठी मुलीच्या कानाला हे नातं ऐकू आलं, याचा मला मनापासून आनंद आहे.

२०१९ च्या जानेवारीत बनारसला प्रवासी भारतीय दिवस भरला. मॉरिशसचे पंतप्रधान प्रविंद जगन्नाथ प्रमुख पाहुणे होते. मॉरिशसला आपली कोकणातली माणसंही गेली आहेत, तिथे अजून गणपती बसतात. त्या दिवसांत आमच्या गल्लीत जगभरची माणसं गावांची नावं विचारत फिरत होती. भाषणं झाली, रोषणाई झाली. पण आपल्या पणजीने नेलेलं गाणं मूळ गावात अजून कोण गातं, हे त्यांना सांगणारं कुणी नव्हतं. आमच्या भागात आता मटकोडला डीजे लावतात. गारी म्हणणाऱ्या बायका साठीच्या पुढच्या आहेत, आणि त्यांच्या सुना मोबाइलवर गाणं लावून मोकळ्या होतात. काकी गेल्या. त्यांची गाणी मी त्या वेळी लिहून घेतली नव्हती. त्यांची धाकटी जाऊ अजून गाते, आता मी तिच्याकडून लिहून घेते आहे.

सुंदर पोपो २ मे २००० रोजी वारला, वयाच्या ५६ व्या वर्षी. मालवीयांच्या विश्वविद्यालयात संगीताची मोठी विद्याशाखा आहे. माझी तिला आणि बनारसच्या गाण्यावर प्रेम करणाऱ्या प्रत्येकाला एवढीच विनंती आहे: चैतू, द्रौपती आणि सुंदर पोपो यांच्या रेकॉर्ड मागवून घ्या, ठुमरीच्या शेजारी ठेवा, आणि त्याच महिन्यात चौबेपूर, गाझीपूर, आजमगढकडच्या म्हाताऱ्या बायकांना बोलावून त्यांच्या गारी ध्वनिमुद्रित करा. बायका यायला तयार आहेत. मी विचारून ठेवलं आहे.